‘मरणाआधी राज्य पाहतील’: येशूच्या एका अवघड वचनाचा कोणता अर्थ स्वीकारावा?

येशूने शिष्यांना दिलेल्या आश्वासनांमध्ये एक असे आहे की ते वाचताना श्रद्धावान माणूस अडखळतो आणि टीकाकार नेमके त्याच्यावरच बोट ठेवतो. ‘येथे उभे असलेल्यांपैकी काही जण, देवाचे राज्य सामर्थ्याने आलेले पाहिल्याखेरीज मरणार नाहीत,’ अशा आशयाचे ते वचन मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथात, नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत येते. मत्तय (16:28) आणि लूक (9:27) यांच्या शुभवर्तमानांतही ते आहे. तिन्ही ठिकाणी ते ठामपणे, ‘मी तुम्हांला खरोखर सांगतो’ अशा खात्रीच्या शब्दांनी दिलेले आहे. त्या दिवशी तेथे उभे असलेले सगळे पहिल्या शतकातच, फार तर त्या शतकाच्या अखेरीस, मरण पावले. मग त्यांनी मरणापूर्वी पाहिले ते काय, हा प्रश्न उरतो. या प्रश्नाला ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात चार मोठी उत्तरे मिळाली आहेत. अभ्यासवर्ग घेणाऱ्याला, उपदेशाची तयारी करणाऱ्याला किंवा स्वतःच्या मनाचे समाधान करू पाहणाऱ्याला त्यांपैकी एकाची निवड करावी लागते. ती निवड सोपी व्हावी म्हणून ही उत्तरे येथे शेजारी शेजारी ठेवून तपासली आहेत, आणि माझा स्वतःचा कौल कोणत्या बाजूला आहे हेही मी लपवलेले नाही.

तुलना करण्यापूर्वी वचनाचा पाठ नीट पाहून घेतला पाहिजे, कारण तिन्ही लेखकांनी ते एकाच शब्दांत दिलेले नाही. मार्क म्हणतो की ते देवाचे राज्य ‘सामर्थ्याने आलेले’ पाहतील. लूक सामर्थ्याचा उल्लेख गाळतो आणि ते देवाचे राज्य पाहतील, एवढेच सांगतो. मत्तयाचे शब्द सर्वांत तीव्र आहेत: ते ‘मनुष्याच्या पुत्राला त्याच्या राज्यात येताना’ पाहतील. मार्क आणि लूक राज्याविषयी बोलतात, तर मत्तय व्यक्तीच्या येण्याविषयी बोलतो. जो अर्थ मार्कच्या शब्दांना सहज बसतो तो मत्तयाच्या शब्दांना ओढून बसवावा लागतो, आणि मत्तयाला बसणारा अर्थ कधी कधी लूकला जड होतो. पुष्कळ वादविवाद केवळ एवढ्यामुळे लांबतात की एक जण मार्क उघडून बोलत असतो आणि दुसरा मत्तय.

दुसरी गोष्ट संदर्भाची. कैसरीया फिलिप्पैच्या परिसरात पेत्राने येशूला ख्रिस्त म्हणून कबूल केले, त्यानंतर लगेच येशूने स्वतःच्या दुःखसहनाचे आणि मरणाचे भाकीत केले, पेत्राने त्याला विरोध करून कडक शब्द ऐकून घेतले, आणि मग येशूने सांगितले की ज्याला माझ्यामागे यायचे असेल त्याने आपला वधस्तंभ उचलावा, कारण जो आपला जीव वाचवू पाहतो तो त्याला गमावील. या बोलण्याच्या अगदी शेवटी हे वचन येते. मार्कमध्ये हे बोलणे केवळ बारा प्रमुख शिष्यांशी झालेले नाही. 8:34 मध्ये येशूने ‘शिष्यांसह लोकसमुदायाला’ जवळ बोलावले असे स्पष्ट म्हटले आहे. मत्तयात मात्र श्रोते शिष्यच आहेत. हा तपशील लहान वाटतो, पण पुढे ‘काही जण’ या शब्दांचा हिशेब करताना तोच निर्णायक ठरतो.

आपल्या हातातील छापील बायबलमुळे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. अध्यायांची विभागणी मूळ लेखकांची नाही. ती तेराव्या शतकाच्या आरंभी झाली आणि तिचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. त्या विभागणीने मत्तयातील वचन सोळाव्या अध्यायाच्या शेवटी टाकले, म्हणजे ते न्यायाच्या आणि वधस्तंभाच्या बोलण्याला चिकटले. आणि मार्कमधील तेच वचन नवव्या अध्यायाच्या आरंभी आणले, म्हणजे ते पुढच्या रूपांतराच्या कथेला चिकटले. वाचक नकळत या विभागणीचा अर्थ लावत बसतो. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी मार्क 8:34 पासून 9:13 पर्यंतचा भाग अध्यायाची खूण विसरून सलग वाचावा.

प्रत्येक स्पष्टीकरणाला मी तीन प्रश्न विचारणार आहे. वचनात मरणाचा उल्लेख कशासाठी आहे? ‘सर्व’ न म्हणता ‘काही जण’ का म्हटले आहे? आणि जे पाहिले त्याला ‘राज्य सामर्थ्याने आले’ असे म्हणण्याइतके वजन आहे का?

रूपांतर

सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण म्हणजे रूपांतराचे. वचनानंतर सहा दिवसांनी येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना उंच डोंगरावर घेऊन गेला, त्यांच्यादेखत त्याचे रूप पालटले, मोशे आणि एलीया त्याच्याशी बोलताना दिसले आणि मेघातून वाणी झाली. हे वचन तेथेच पुरे झाले, असे मानणारे लोक तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन लिहीत होते तेव्हाही होते, कारण ते स्वतः त्या मताची नोंद करतात. आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात मत्तयावर प्रवचने देणारे योहान क्रिसोस्तोम याच मताचे होते.

या मताची बाजू भक्कम आहे. तिन्ही शुभवर्तमानांत वचनाच्या पाठोपाठ तीच कथा येते, आणि हा योगायोग नाही. मार्क दुःखसहनाच्या कथेबाहेर सहसा दिवस मोजून सांगत नाही, पण येथे तो ‘सहा दिवसांनंतर’ असे नेमके सांगतो. लूक सुमारे आठ दिवस म्हणतो. परंतु ‘या वचनांनंतर’ असेही म्हणतो, म्हणजे दुवा उघड करून दाखवतो, आणि डोंगरावर तिघांनी ‘त्याचे तेज पाहिले’ असे लिहून पाहण्याची गोष्टही पुरी करतो. ‘काही जण’ याचे उत्तर तर आपोआप मिळते: बारांपैकी तिघेच वर गेले. त्यातही सर्वांत वजनदार साक्ष पेत्राच्या दुसऱ्या पत्राची आहे. पहिल्या अध्यायाच्या 16 ते 18 या ओळींत ‘आपल्या प्रभूचे सामर्थ्य आणि आगमन’ आम्ही तुम्हांला कळवले ते चातुर्याने रचलेल्या कथांच्या आधारे नव्हे, तर त्याचे ऐश्वर्य प्रत्यक्ष पाहिल्यामुळे, असे सांगून लेखक लगेच पवित्र डोंगरावरील वाणीची आठवण करून देतो. सामर्थ्य, आगमन आणि प्रत्यक्ष पाहणे हे तिन्ही धागे येथे रूपांतराशीच बांधलेले आहेत. नव्या करारातच हे स्पष्टीकरण सूचित झाले असेल तर ते हलकेपणाने बाजूला सारता येत नाही.

अडचण पहिल्या प्रश्नाशी येते. सहा दिवसांनी घडणाऱ्या गोष्टीबद्दल ‘ती पाहिल्याखेरीज काही जण मरणार नाहीत’ असे कोण म्हणेल? शब्दशः पाहिले तर बाकीचे आठवड्याभरात मरतील असा विचित्र ध्वनी त्यातून निघतो. शिवाय डोंगरावरचा प्रसंग क्षणिक होता. मेघ सरला, ते सगळे खाली उतरले आणि जग पूर्वीसारखेच राहिले. खाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता आणि उरलेल्या शिष्यांना त्याला बरे करता येत नव्हते. राज्य सामर्थ्याने आले असे म्हणावे, असा तो दिवस दिसत नाही. राज्याचे दर्शन घडले असे मात्र नक्की म्हणता येईल.

पुनरुत्थान ते पेन्टेकॉस्ट

दुसरे स्पष्टीकरण म्हणते की हे वचन येशूच्या पुनरुत्थानात, स्वर्गारोहणात आणि पवित्र आत्म्याच्या दानात पुरे झाले. हा तीन वेगळ्या घटनांचा हिशेब नाही. ख्रिस्ताचे राज्यारोहण या एकाच गोष्टीचे ते तीन टप्पे आहेत. सोळाव्या शतकात धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी असाच अर्थ लावला: राज्याचे प्रकट होणे पुनरुत्थानापासून सुरू झाले आणि आत्मा पाठवला गेला तेव्हा ते अधिक पूर्णतेने दिसले.

या मताच्या बाजूने मार्कच्या ‘सामर्थ्याने’ या शब्दाचे स्पष्टीकरण सर्वांत चांगले देता येते. रोमकरांस पत्राच्या आरंभी पौल लिहितो की येशू मेलेल्यांतून उठवला गेल्याने ‘सामर्थ्याने’ देवाचा पुत्र म्हणून ठरवला गेला. लूकच्या अखेरीस पुनरुत्थित प्रभू शिष्यांना सांगतो की वरून सामर्थ्य मिळेपर्यंत शहरात थांबा, आणि प्रेषितांची कृत्ये 1:8 मध्ये तेच सामर्थ्य पवित्र आत्म्याच्या येण्याशी जोडलेले आहे. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशी पेत्र आपल्या भाषणात म्हणतो की देवाच्या उजवीकडे उंचावलेल्या येशूनेच ‘तुम्ही जे पाहता व ऐकता’ ते ओतले आहे. राज्यारोहणही येथे आहे, सामर्थ्यही आहे, आणि पाहणेही आहे.

मत्तयाच्या कठीण शब्दांनाही या मताचा आधार मिळतो, पण त्यासाठी दानीएलाच्या सातव्या अध्यायाकडे जावे लागते. तेथे ‘मानवपुत्रासारखा कोणी’ आकाशातल्या मेघांवरून येतो, परंतु तो पृथ्वीकडे येत नाही. तो पुराणपुरुषासमोर जातो आणि तेथे त्याला प्रभुत्व, वैभव व राज्य दिले जाते. म्हणजे ‘मनुष्याच्या पुत्राचे येणे’ याचा मुळातला एक अर्थ राज्य स्वीकारण्यासाठी देवाकडे जाणे हाच आहे. मत्तय 26:64 मध्ये येशू मुख्य याजकाला सांगतो की ‘यापुढे’ तुम्ही मनुष्याच्या पुत्राला सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेले व मेघांवरून येताना पाहाल. आणि मत्तयाच्या शेवटी पुनरुत्थित येशू गालीलातील डोंगरावर अकरा जणांना म्हणतो की स्वर्गातील व पृथ्वीवरील सर्व अधिकार मला दिला आहे. दानीएलाने पाहिलेले राज्यदान मत्तयाच्या दृष्टीने तेथे घडून गेले आहे.

आक्षेप दोन आहेत. एक म्हणजे पुनरुत्थान काही महिन्यांतच घडले असावे. मग मरणाचा उल्लेख येथेही तितकाच खटकतो. दुसरा म्हणजे बारांपैकी अकरा जण पेन्टेकॉस्टच्या दिवशी जिवंत होते, फक्त यहूदा इस्कर्योत नव्हता. मग ‘काही जण’ हा शब्द फार कोता पडतो.

पहिल्या आक्षेपाला मला लूकच्या दुसऱ्या अध्यायातील शिमोन उत्तर देतो. प्रभूच्या ख्रिस्ताला पाहण्यापूर्वी तुला मरण येणार नाही असे त्याला पवित्र आत्म्याने कळवले होते. त्या आश्वासनाला मुदत नव्हती. मंदिरात बाळाला हातांत घेताच ते पुरे झाले आणि शिमोन शांतीने जाण्यास तयार झाला. ‘मरणाआधी पाहशील’ हे बोलणे काळाचे अंतर मोजत नाही, ते खात्री देते. शिवाय मार्कमधील वचन ज्यांना नुकतेच जीव गमावायला सांगितले आहे अशा माणसांना उद्देशून आहे. वधस्तंभ उचला म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की मग आपण राज्य पाहण्याआधीच मरू काय. मरणाचा उल्लेख त्या भीतीला उत्तर म्हणून आला आहे. बायझंटाइन परंपरेत मार्क 8:34 ते 9:1 हा उतारा उपवासकाळाच्या मध्यावर, तिसऱ्या रविवारी, वधस्तंभाची पूजा होते त्या दिवशी वाचला जातो. वचनाला त्याच्या आधीच्या ओळींशी धरून ठेवणारी ती योजना मला फार योग्य वाटते. रोमन वाचनक्रमातही, आणि म्हणून वसईच्या चर्चमध्येही, सामान्य काळाच्या सहाव्या आठवड्यात शुक्रवारी हाच उतारा येतो आणि शनिवारी त्याच्या पुढचा रूपांतराचा. तेथे दोन्ही नाती जपली गेली आहेत.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मार्कच्या लोकसमुदायात आहे. ‘येथे उभे असलेले’ केवळ बारा जण नव्हते. त्या गर्दीत ऐकून निघून जाणारे होते, वधस्तंभाचे नाव काढताच मागे फिरणारे होते. प्रेषितांची कृत्ये 10:40-41 मध्ये पेत्र कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी सांगतो की देवाने येशूला तिसऱ्या दिवशी उठवले आणि त्याला प्रकट होऊ दिले, पण ते सर्व लोकांना नव्हे, तर देवाने आधी निवडलेल्या साक्षीदारांना, म्हणजे तो उठल्यावर त्याच्याबरोबर खाणेपिणे करणाऱ्यांना. ‘सर्वांना नव्हे, काहींना’ असे पुनरुत्थानाबद्दल नवा करारच म्हणतो. उभे असलेले पुष्कळ, पाहणारे थोडे. हा हिशेब मला बारांतून तीन किंवा अकरा मोजण्यापेक्षा अधिक नैसर्गिक वाटतो. मत्तयात श्रोते केवळ शिष्य असल्याने तेथे हे उत्तर तितके भरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

ही दोन मते एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. डोंगरावरून उतरताना येशूने तिघांना बजावले की मनुष्याचा पुत्र मेलेल्यांतून उठेपर्यंत तुम्ही पाहिलेले कोणाला सांगू नका, म्हणजे रूपांतराचा अर्थ पुनरुत्थानाशिवाय उघडणार नाही असे त्यानेच सांगितले. लूक तर म्हणतो की मोशे आणि एलीया यरुशलेमेत पुरे होणाऱ्या त्याच्या निर्गमनाविषयी बोलत होते. डोंगरावर जे थोडा वेळ दिसले ते रिकाम्या कबरेपासून कायमचे सुरू झाले.

यरुशलेमेचा पाडाव

तिसरे स्पष्टीकरण इ.स. 70 कडे बोट दाखवते. त्या वर्षी तीतसच्या रोमी सैन्याने यरुशलेम जिंकले आणि मंदिर जळून गेले. मत्तय 16:27 मध्ये मनुष्याचा पुत्र प्रत्येकाला त्याच्या कृतीप्रमाणे फळ देईल असे म्हटले आहे, आणि जुन्या करारात परमेश्वराचे ‘येणे’ हे न्यायाचे येणे असू शकते. यशया 19:1 मध्ये परमेश्वर वेगवान मेघावर बसून मिसर देशावर येतो. ही पिढी नाहीशी होणार नाही, हे मंदिराच्या नाशाच्या बोलण्यात आलेले वाक्यही (मत्तय 24:34) या मताला जुळते. आजही काही सुवार्तिक मंडळ्यांत हे मत आग्रहाने मांडले जाते.

पहिल्या दोन प्रश्नांना हे मत सर्वांत नेटके उत्तर देते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येशूच्या मरणानंतर साधारण चाळीस वर्षांनी ही घटना घडली. जब्दीचा मुलगा याकोब इ.स. 44 पर्यंत हेरोद अग्रिप्पाच्या तलवारीने मारला गेला होता; पेत्र, परंपरेनुसार, नेरोच्या काळात रोममध्ये मारला गेला; योहान मात्र सम्राट ट्रेजनच्या राजवटीपर्यंत इफिसात राहिला असे दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियस सांगतात. ‘काही जण जिवंत असतील’ याचा शब्दशः हिशेब येथे चोख लागतो.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र हे मत कमी पडते, आणि माझ्या दृष्टीने तेथेच ते बाद होते. वचनात देवाचे राज्य सामर्थ्याने आले असे आहे. एक शहर जळाले असे नाही. मार्कच्या या उताऱ्यात मंदिराचा वा शहराचा मागमूसही नाही. मंडळीचे जुने इतिहासकार युसेबियस सांगतात की यरुशलेमेतील ख्रिस्ती युद्धापूर्वी यार्देनेपलीकडील पेल्ला या नगरात निघून गेले होते. तसे असेल तर त्यांनी ते पाहिलेही नाही. शिवाय ज्या शहराकडे पाहून येशू रडला (लूक 19:41), त्या शहराच्या राखेला त्याच्या राज्याचे वैभव म्हणणे मला कधीही पटणार नाही. या अर्थाचा वापर यहुदी लोकांविरुद्ध शतकानुशतके झालेला आहे. कोकण किनाऱ्यावर बेने इस्रायली समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी म्हणून राहिलेल्या आपल्या प्रदेशात तर हा अर्थ शिकवणाऱ्याने शब्द फार जपून वापरले पाहिजेत. मत्तयातील न्यायाची बाजू समजावताना इ.स. 70 चा उल्लेख जरूर करावा. वचनाची पूर्तता म्हणून तो पुढे करू नये.

‘अपेक्षा पुरी झाली नाही’

चौथे उत्तर टाळता येण्याजोगे नाही, कारण वर्गातील तरुण ते कोठेतरी वाचून येणारच. येशूला जगाचा अंत लवकरच होईल असे वाटत होते, आणि तसे झाले नाही, असे हे उत्तर आहे. 1906 मध्ये धर्मशास्त्राचे अभ्यासक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी येशूच्या चरित्राच्या संशोधनाचा आढावा घेताना ते जोरदारपणे मांडले. त्यांचा मुख्य आधार मत्तय 10:23 हा होता, जेथे बारांना पाठवताना येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र येईपर्यंत इस्राएलाची सर्व नगरे तुमच्याकडून फिरून होणार नाहीत. प्रेषित परत आले, अंत आला नाही, आणि म्हणून येशू मरण पत्करण्यासाठी यरुशलेमेला निघाला, असे श्वाइट्झर यांचे म्हणणे. हे मत मांडणारा माणूस 1913 मध्ये आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी गेला आणि त्याच येशूच्या हाकेला उत्तर म्हणून आयुष्य तेथे वेचले, ही गोष्ट या मताच्या विरोधकांनीही आदराने लक्षात ठेवावी.

या मताचे बळ साधेपणात आहे. शब्द जसे कानावर पडतात तसे घ्या, आणि तीनही प्रश्नांना सरळ उत्तर मिळते. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना प्रभूच्या पुनरागमनाची उत्कट आणि निकटची अपेक्षा होती, हेही खरे आहे. पौल थेस्सलनीकाकरांना ‘आपण जे जिवंत उरू’ असे लिहितो, आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ‘त्याच्या येण्याचे वचन कोठे आहे?’ असे विचारणारे थट्टेखोर भेटतात.

तरीही तीन गोष्टी मला थांबवतात. येशूने मार्क 13:32 मध्ये त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही असे म्हटले आहे. ज्याने दिवस सांगण्याचे नाकारले त्याच्या तोंडी मुदत घालणे जड जाते. दुसरी गोष्ट योहान 21:23 ची. त्या शिष्याला मरण येणार नाही अशी अफवा बंधुवर्गात पसरली होती, आणि शुभवर्तमान तिची स्पष्ट दुरुस्ती करते की येशूने तसे म्हटले नव्हते. म्हणजे आरंभीची मंडळी अशा वचनांचे चुकीचे वाचन ओळखून ते सुधारत होती. तिसरी गोष्ट अशी की मत्तयाचे शुभवर्तमान पुष्कळ अभ्यासक इ.स. 80 च्या आसपासचे मानतात, आणि तेव्हा बहुतेक प्रेषित हयात नव्हते. वचन फसले असे मत्तयाला वाटत असते तर त्याने ते गाळले असते किंवा मवाळ केले असते. त्याने उलट ते अधिक धारदार केले. संशयवादी वाचक म्हणेल की इतके अडचणीचे वचन टिकले म्हणून ते अस्सल आहे; मी ते मान्य करून पुढे म्हणेन की टिकवणाऱ्यांना ते पुरे झालेले दिसत होते.

1935 मध्ये नव्या कराराचे ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी श्वाइट्झर यांच्या उलट टोकाला जाऊन असे सुचवले की राज्य येशूच्या सेवेतच आलेले होते, आणि काही जण मरणापूर्वी हे ओळखतील एवढेच वचनाचे म्हणणे आहे. ही सूचना बुद्धीला भुरळ घालते, पण ‘पाहतील’ याचे ‘त्यांच्या लक्षात येईल’ असे करून ती वचनातली धार काढून घेते.

आणखी काही अर्थ एकेका वाक्यात आटोपता येतील. ओरिगेन यांनी रूपांतराच्या पलीकडे जाऊन आध्यात्मिक अर्थ लावला, तो मनन करण्याजोगा आहे, पण ‘येथे उभे असलेल्यांपैकी’ या ठोस शब्दांपासून तो दूर जातो. पोप ग्रेगरी पहिले यांनी राज्य म्हणजे या जगातील ख्रिस्तसभा आणि तिचा प्रसार असे म्हटले. तो दुसऱ्या मताचाच पुढचा विस्तार म्हणून घेता येतो. कोणी एक जण अजूनही न मरता जगभर हिंडत आहे, ही मध्ययुगीन युरोपातील भटक्या यहुद्याची दंतकथा या वचनाच्या आणि योहान 21 च्या आसपास वाढली; ती द्वेषाचे साधन झाली आणि वर्गात तिला थारा देऊ नये.

निवड कशी करावी

माझा कौल दुसऱ्या मताला आहे आणि पहिले मत मी त्याच्या आत ठेवतो: पूर्तता पुनरुत्थानात सुरू होऊन पेन्टेकॉस्टला उघड झाली, आणि रूपांतर ही तिची आधी दिलेली खूण होती. मार्क शिकवत असाल तर हा अर्थ निःशंकपणे घ्यावा, कारण सामर्थ्याचा शब्द, लोकसमुदाय आणि वधस्तंभाचे बोलणे हे तिन्ही त्याच्याकडेच नेतात. लूक शिकवत असाल तर रूपांतराला अधिक वजन द्यावे लागेल; लूकनेच वचन आणि डोंगर यांच्यातली गाठ सर्वांत घट्ट बांधली आहे, आणि येथे गाळलेला सामर्थ्याचा शब्द तो आपल्या दोन्ही ग्रंथांच्या, म्हणजे शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये यांच्या, सांध्यावर आणतो. मत्तय शिकवत असाल तर दानीएलाचा सातवा अध्याय आधी वाचून दाखवल्याशिवाय वचनाला हात घालू नये. तसे न केल्यास ऐकणारा 16:27 मधील देवदूतांसह होणाऱ्या अंतिम आगमनात आणि 16:28 मध्ये फरक करू शकणार नाही. मत्तयाने आरंभीचे राज्यारोहण आणि शेवटचा न्याय या दोन ओळी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत असे मी समजतो: जो न्यायाधीश म्हणून येणार आहे तो राजा म्हणून आधीच बसलेला दिसेल. तरी तेथे थोडा ताण उरतो, आणि तो उरतो असे वर्गाला सांगितल्याने शिकवणाऱ्याची पत कमी होत नाही.

ज्याचा विश्वास या वचनावर अडला आहे अशा एकट्या वाचकाशी बोलताना मी क्रम बदलीन. त्याला चारही मते एका दमात सांगू नयेत. आधी शिमोनाची गोष्ट वाचावी, मग मार्क 8:34 पासून खाली डोंगरावरून उतरेपर्यंत, आणि मग कर्नेल्याच्या घरातील पेत्राचे भाषण. त्यानंतर श्वाइट्झर यांचा प्रश्न त्याने स्वतःहून काढला तर तो टाळू नये. मत्तय 10:23 उघडून तेथेही हेच तीन प्रश्न लावून पाहावेत. त्या वचनात ‘काही जण’ नाही, मरणाचा उल्लेख नाही, पण छळाचा आहे: एका नगरात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा असे सांगून येशू पुढे ते आश्वासन देतो. तेथेही ते जीव धोक्यात घालणाऱ्यांसाठीच आहे, आणि तेथील ‘येणे’ दानीएलाच्या अर्थाने घेतले तर प्रेषितांची इस्राएलातील फेरी पुरी होण्याआधीच त्यांचा प्रभू सिंहासनावर बसलेला होता.